दुकानाची खिडकी वेगळी, कोठार वेगळं

आजच्या विषयाचं नाव ऐकून वाटेल की भुताची गोष्ट आहे. हेडलेस कॉमर्स. म्हणजे डोकं नसलेलं दुकान. खामगावात माझ्या एका मित्राचं चांदीचं दुकान आहे. त्याच्या वडिलांना हा शब्द सांगितला तर काका म्हणाले, "अरे बापा, चालत्या दुकानाचं डोकं काहून काढता?"

आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. "डोकं काढलं तं गिऱ्हाइकाले भाव कोन सांगनार?"

गंमत म्हणजे हा दुसरा प्रश्न अख्ख्या विषयाचा गाभा आहे. मोठमोठ्या कॉन्फरन्समध्ये स्लाइडवर स्लाइड दाखवतात, पण भाव कोण सांगणार हे कुणी विचारत नाही. आज आपण तेच बोलू.

आधी शब्दांचा अर्थ. ऑनलाइन दुकानाचा जो भाग तुम्हाला फोनवर दिसतो, म्हणजे फोटो, नाव, किंमत, "कार्टमध्ये टाका"चं बटन, तो फ्रंटएंड. दुकानाचा दर्शनी भाग म्हणून त्याला स्टोअरफ्रंटही म्हणतात. माल किती शिल्लक आहे, भाव काय, कुणाची ऑर्डर आली, पैसे जमा झाले का, हा हिशोब जिथे चालतो तो बॅकएंड. या दोघांना वेगळं करायचं आणि मध्ये बोलण्यासाठी एक ठरलेली भाषा ठेवायची, तिला एपीआय म्हणतात. म्युनिकच्या कॉमर्सटूल्स कंपनीचे डिर्क होरिग यांना या नावाचं श्रेय दिलं जातं, २०१३ च्या सुमारास. नाव नवं, पण व्यवस्था आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

शेगाव स्टेशनावर जा. तुम्हाला विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचंय. आरक्षणाच्या खिडकीवर फॉर्म भरून तिकीट काढता येतं. तेच फोनवर आयआरसीटीसीवरून काढता येतं. एजंटकडूनही काढता येतं. आता विचार करा, खिडकीतल्या बाबूच्या ड्रॉवरमध्ये बर्थ ठेवलेले असतात का? नाही ना. तो फक्त विचारतो, मागून उत्तर येतं. ते मागचं सगळं म्हणजे रेल्वेची आरक्षण प्रणाली, पीआरएस, क्रिस नावाची रेल्वेचीच संस्था ती सांभाळते. ही प्रणाली १९८० च्या दशकातली. इंटरनेटवरचं बुकिंग आलं २००२ मध्ये. म्हणजे खिडकी नंतर उघडली आणि त्यासाठी मागचं कोठार पाडून नव्याने बांधावं लागलं नाही. पुढे मोबाइल ॲप आलं, तीसुद्धा आणखी एक खिडकी. कोठार एक, खिडक्या कितीही. तात्काळला वेबसाइट गोल गोल फिरते तेव्हा आपण सगळेच शिव्या देतो, पण रचना म्हणून ही गोष्ट भारी आहे.

आता आपल्याकडची साधी ऑनलाइन दुकानं बघा. बहुतेक ठिकाणी वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स. वूकॉमर्स २०११ साली आलं आणि त्याने खरंच उपकार केले. थोड्या पैशात कुणालाही दुकान टाकता आलं. पण त्यात पानाची सजावट, मालाची यादी, ऑर्डरी, कुपनं, सगळं एकाच घरात राहतं. एकाच चुलीवर चहा, आंघोळीचं पाणी आणि पुरणाची डाळ. घर लहान असेल तर चालतं. मी तर म्हणतो चालूच द्यावं. समजा तुम्ही शेगावात कचोरी विकता आणि पार्सलसाठी एक पान केलंय, वस्तू दोनच, भाव वर्षातून एकदा बदलतो. तुम्हाला हेडलेस म्हणून कुणी काही विकायला आला तर त्याला कचोरी खाऊ घाला आणि परत पाठवा.

चांदीचं तसं नाही. खामगावला रजतनगरी म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल. पैंजण, जोडवी, निरांजन, करंडे, देवाच्या मूर्ती, ताट-वाट्या, बाहेरगावचे लोक मुद्दाम घ्यायला येतात. आणि चांदीची किंमत ही छापील किंमत नसते. वजन गुणिले त्या वेळचा भाव, अधिक घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. त्यात २०२५ साल आठवा. वर्षाच्या सुरुवातीला किलोचा भाव नव्वद हजारांच्या आसपास होता. वर्ष संपताना दोन लाखांच्या पुढे. सकाळी एक, दुपारी दुसरा.

माझ्या मित्राची अडचण इथेच होती. भाव तीन ठिकाणी राहायचा. एक काउंटरवरच्या फळ्यावर. दुसरा बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये. तिसरा वेबसाइटवर, आणि तिथे प्रत्येक वस्तूची किंमत हाताने टाइप केलेली. सव्वाशेच्या वर वस्तू. भाव हलला की मित्राची बहीण कॉलेजमधून आल्यावर एकेक किंमत बदलायची. ती बदलून संपेपर्यंत भाव पुन्हा हललेला.

साधा हिशोब करू. समजा काल ग्रॅमला १९० रुपये होते, आज २००. १२० ग्रॅमचे पैंजण. कालच्या भावाने चांदी २२,८००, आजच्या भावाने २४,०००. बाराशेचा फरक, जीएसटी धरून १,२३६. वेबसाइटवर कालचा आकडा राहिला आणि रात्री अकराला मेहकरच्या कुणी ऑर्डर टाकून पैसे भरले, तर घडणावळीतून जे सुटायचं ते त्यातच गेलं. आणि ग्राहकाला फोन करून "अजून बाराशे द्या" म्हणालात तर तो स्क्रीनशॉट पाठवतो. त्याचं काय चुकलं? तुम्हीच लिहिलं होतं.

आता इथे कुणी येऊन म्हणालं, "वेबसाइट हेडलेस करा, नेक्स्टजेएसमध्ये करा, रॉकेटसारखी पळेल," तर काय होईल ते ऐका. असल्या फ्रंटएंडचा वेग बहुतेक वेळा येतो कशातून? पानं आधीच तयार करून ठेवण्यातून. पान बनवलं, त्याच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवल्या, ग्राहक आला की जवळची प्रत दिली. याला कॅशिंग म्हणतात. आणि त्या पानावर किंमतही छापून ठेवली असेल तर तुम्ही जुना भाव आणखी वेगाने दाखवायला लागलात. रॉकेटसारखाच.

म्हणून दुकान कापायचं असेल तर कात्री कुठे चालवायची हे आधी ठरवायचं. माझं गणित सरळ आहे: कोणती गोष्ट किती वेगाने बदलते ते बघा. पैंजणाचा फोटो, नक्षी, वजन, टंच, हे वर्षभरात बदलत नाही. ते पानावर छापा, कॅश करा, बिनधास्त. भाव तासात बदलतो. शिल्लक माल मिनिटात बदलतो. ते पानावर कधीच छापायचं नाही. पान उघडल्यावर फोनने बॅकएंडला विचारायचं, बॅकएंडने ताजं उत्तर द्यायचं. हे उत्तर म्हणजे चार आकडे, अगदी चिमूटभर डेटा. त्यामुळे लोणारच्या पलीकडे एखाद्या वाडीत नेटवर्कची एकच काडी असली तरी फोटो आधीच्या प्रतीतून येतो आणि भाव मागून सरकत येतो.

आणि भाव आलाच नाही तर? आमच्याकडे यावर बराच खल झाला. मित्राचं म्हणणं, शेवटचा माहीत असलेला भाव दाखवू. काकांनी एका वाक्यात निकाल लावला: "भाव माहीत नसंन तं सांगू नये. इचारा म्हनावं." मग तसंच केलं. उत्तर आलं नाही तर किमतीच्या जागी "आजचा भाव विचारा" आणि खाली व्हॉट्सॲपचं बटन. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला ग्रेसफुल डिग्रेडेशन म्हणतात. काका कॉमर्सचे, तेही अकरावीपर्यंत.

पुढची पायरी अजून महत्त्वाची. फोनवर दिसणारी किंमत ही फक्त दाखवायची किंमत. पैसे घेताना किंमत बॅकएंडनेच पुन्हा काढायची. फ्रंटएंड ग्राहकाच्या हातात असतो, त्याच्या ब्राउझरमध्ये. तिथून आलेला आकडा जसाच्या तसा पेमेंटला पाठवला तर थोडंफार येणारा कुणीही पोरगा चोवीस हजाराचे दोनशे चाळीस करून पाठवेल. जुन्या पद्धतीत पान आणि हिशोब एकाच घरात असल्यामुळे हे बऱ्यापैकी आपोआप सांभाळलं जातं. वेगळं केलं की ती जबाबदारी तुमच्यावर येते.

मग ग्राहकाने २४,००० बघितले आणि पत्ता भरेपर्यंत भाव हलला तर? सराफाच्या दुकानात काय होतं? "हा आत्ताचा भाव, संध्याकाळचं आत्ता सांगत नाही." तोंडी का असेना, मुदत असते. तेच आम्ही कोडमध्ये घातलं. ग्राहक चेकआउटला आला की बॅकएंड एक भावाची चिठ्ठी बनवतो: ही वस्तू, हा भाव, पंधरा मिनिटं. चिठ्ठीचा नंबर फ्रंटएंडकडे, आकडा बॅकएंडकडेच. पंधरा मिनिटांत पैसे आले तर तोच भाव. उशीर झाला तर नवी चिठ्ठी. पंधराच का, तर काका म्हणाले पंधरा. वीस म्हणाले असते तर वीस. असा निर्णय धंद्याचा असतो, आपण कोडवाल्यांनी त्यात नाक खुपसू नये.

शिल्लक मालाचं दुखणं याहून जुनं. चांदीचं एक पूजेचं ताट, हाताने घडवलेलं, एकच नग. धनत्रयोदशीला काउंटरवर विकलं गेलं आणि त्याच अर्ध्या तासात वेबसाइटवरही विकलं गेलं. ज्यांनी ऑनलाइन घेतलं त्यांच्याकडे लक्ष्मीपूजन तोंडावर. मित्राने स्वतः गाडी काढून दुसरं ताट नेऊन दिलं, थोडं जड वजनाचं, त्याच पैशात. याचं कारण वेबसाइट स्लो असणं नव्हतं. काउंटर आणि वेबसाइट यांची कोठारं वेगळी होती. फ्रंटएंड कितीही नवा केला असता तरी ते ताट दोनदाच विकलं गेलं असतं.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, जे कोड लिहितात त्यांच्यासाठी. आधी "शिल्लक किती" विचारायचं आणि मग "एक कमी कर" सांगायचं, या दोन पावलांच्या मध्ये दुसरा ग्राहक घुसतो. म्हणून डेटाबेसला एकच हुकूम द्यायचा: शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकाने कमी कर, आणि किती ओळी बदलल्या ते सांग. एक ओळ बदलली तर ताट तुमचं. शून्य बदलल्या तर दुसऱ्याने नेलं. आणि काउंटरवरच्या बिलानेही हाच हुकूम वापरायचा. काउंटरला सूट नाही.

पेमेंटचंही तसंच आहे. यूपीआयने पैसे भरताना ग्राहक ब्राउझर सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जातो. पैसे कटतात, आणि परत येताना रेंज जाते. फ्रंटएंडला कळतच नाही काय झालं. "पैसे गेले, ऑर्डर दिसत नाही," हा फोन ज्याने घेतलाय त्याला त्या आवाजातली काळजी माहीत आहे. म्हणून पैसे आले ही बातमी ग्राहकाच्या फोनवरून यायची वाट बघायची नाही. पेमेंट कंपनीचा सर्व्हर थेट आपल्या बॅकएंडला कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि ऑर्डर पक्की करायची ती त्या निरोपावर. तो निरोप खरंच त्या कंपनीकडून आलाय का हे सहीवरून तपासायचं. आणि तोच निरोप दोनदा येऊ शकतो, तेव्हा ऑर्डर एकदाच बनली पाहिजे.

बरं, हे सगळं झाल्यावर खिडकीकडे वळू. इथे एक खास आपल्या भागातली गोष्ट सांगतो. आपल्याकडे वेबसाइटवर ग्राहक गूगलवरून कमी आणि व्हॉट्सॲपवरून जास्त येतो. मावशीने आत्याला लिंक पाठवली, आत्याने सुनेला. त्या लिंकखाली छोटा फोटो आणि नाव दिसतं ना, ते व्हॉट्सॲप पानाच्या मूळ एचटीएमएलमधून उचलतं. जावास्क्रिप्ट चालवून बघत नाही. काही हेडलेस साइट्स अशा बनवतात की सर्व्हरकडून कोरं पान येतं आणि सगळं चित्र फोनवर रंगतं. तिथे प्रत्येक लिंकखाली एकच लोगो किंवा काहीच नाही. निरांजन पाठवा, करंडा पाठवा, आत्याला सगळं सारखंच दिसणार. तेव्हा पान सर्व्हरवरच बनवून पाठवायचं, वस्तूच्या नावासह, फोटोसह. फक्त भाव मागाहून. कुणाकडून साइट करून घेत असाल तर पैसे देण्याआधी दोन वस्तूंच्या लिंका घरच्या ग्रुपवर टाकून बघा. अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे.

खर्चाचंही स्पष्ट बोलू. वेगळं केलं म्हणजे दोन घरं, दोन भाडी. होस्टिंग दोन, अपडेट दोन, बिघाड शोधायच्या जागाही दोन. वूकॉमर्सची कितीतरी प्लगिन्स थेट पानावर आपलं काही ना काही काढतात: रिव्ह्यूचे तारे, ऑफरची पट्टी, पिनकोड तपासायचा चौकोन. डोकं वेगळं केलं की यातलं बरंच गायब होतं आणि एकेक हाताने बांधावं लागतं. शॉपिफायने २०२२ मध्ये हायड्रोजन नावाची चौकट काढली ती याच कामासाठी, पण तीही चालवायला रिॲक्ट येणारा माणूस लागतो. आपल्या जिल्ह्यात तो माणूस किती दिवस टिकतो? वेबसाइट करून देणारा पोरगा चिखलीचा असो की मलकापूरचा, वर्षभरात पुण्याला नोकरीला लागतो. मीही पुण्यातूनच बोलतोय, तेव्हा मला काही म्हणायचा अधिकार नाही.

पण याच कारणासाठी मला वेगळं करणं पटतं. पोरगा गेला, नवा आला, त्याला जुनी साइट आवडली नाही, त्याने खिडकी पाडून नवी बसवली. बसवू दे. कोठार जागेवर आहे, ऑर्डरी जागेवर आहेत, दहा वर्षांचे ग्राहक जागेवर आहेत. अट एकच, की कोठाराची किल्ली दुकानदाराकडे असावी. डोमेन कुणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं बिल कुणाच्या ईमेलवर येतं, डेटाबेसचा बॅकअप कुणाकडे आहे, हे आजच जाऊन तपासा. मी तीन-चार दुकानांत विचारलं तर दोघांचं डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर निघालं. त्यांना हेडलेस बिडलेस पुढचं, आधी हे.

हेच तोडकाम देशाच्या पातळीवर करायचा प्रयत्न म्हणजे ओएनडीसी. ३१ डिसेंबर २०२१ ला कंपनी नोंदली गेली, एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. त्यात ग्राहकाचं ॲप वेगळं आणि दुकानदाराचं ॲप वेगळं, मध्ये बेकन नावाची ठरलेली भाषा. ग्राहक एका कंपनीच्या ॲपमध्ये, दुकानदार दुसऱ्याच कंपनीकडे, तरी सौदा होतो. यातली मला आवडलेली बारीक गोष्ट सांगतो. शोधताना दिसते ती किंमत आणि वस्तू निवडल्यावर दुकानदाराकडून येतो तो कोट, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी सर्च, मग सिलेक्ट, मग इनिट, मग कन्फर्म. सिलेक्टच्या उत्तरात दुकानदार आपला भाव सांगतो. म्हणजे काकांची भावाची चिठ्ठीच की! ओएनडीसीवर चांदी विकायची की नाही हा वेगळा विषय, परताव्याची भांडणं ऐकली की मी थोडा सबुरीने घ्या म्हणेन.

मित्राच्या दुकानात शेवटी क्रम असा लागला. आधी प्रत्येक नगाला नंबर आणि वजन, एका यादीत. हेच सर्वात कंटाळवाणं काम, काटा घेऊन दोन रविवार गेले. आजवर हा बॅकएंड काकांच्या डोक्यात होता. लोक हेडलेस म्हणतात, आपल्याकडे दुकानाला हेड एकच आणि सगळं त्याच्यातच, असा प्रकार. मग भाव आणि शिल्लक सांगणारी एक छोटी सेवा. मग काउंटरचं बिल तिच्यावर. जुनी वूकॉमर्सची साइट तोवर तशीच चालू, फक्त भाव तिथून घेणारी. हे तीन महिने नीट चाललं, तेव्हा कुठे नव्या फ्रंटएंडला हात लावला. उलट क्रमाने केलं असतं तर साइट सुंदर दिसली असती आणि ताट पुन्हा दोनदा विकलं गेलं असतं.

आता भाव एकाच ठिकाणी बदलतो. काका सकाळी फोनवर दोन-तीन ठिकाणी विचारतात, मनाशी काहीतरी ठरवतात आणि फोनमध्ये एक आकडा टाकतात. बाहेरून आपोआप भाव घ्यायची सोय करून देतो म्हणालो होतो. ते नको म्हणाले. "बाजारचा भाव येगळा, माह्या दुकानचा येगळा." तो आकडा टाकला की बिल, वेबसाइट आणि काउंटरमागे लावलेला जुना टॅब, तिन्ही ठिकाणी बदलतो. फळा अजून आहे, तो खडूनेच लिहितात.

तुमच्या गावातल्या दुकानाचा असा काही पेच असेल तर व्हॉइस नोटने पाठवा, वऱ्हाडीत पाठवलात तर अजून छान. पुढच्या भागात परत आलेल्या मालाचं बघू: पैसे परत करताना भाव कोणता धरायचा, घेतल्या दिवसाचा की दिल्या दिवसाचा. त्यावर काका आणि मित्र यांचं अजून एकमत झालेलं नाही.